धड्यांखालचे प्रश्न

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खोकला कसा आहे? बरा आहे असं ठोकून देऊ नकोस, खरं कळव.

बंद पडणाऱ्या वेबसाइटींपैकी पुढच्या पिढ्यांसाठी काय जपायचं, हे आमच्या शाळेत आठवीची मुलं ठरवताहेत. मी सुचवलं नव्हतं, शपथेवर सांगते, पण त्यांनी वहिनीची शिवणकामाची साइट निवडली. कारण विचारलं तर म्हणाली, ही बाई चुकणाऱ्याला हसत नाही. महिनाअखेरीस साइट बंद होतेय. प्रत ठेवायला घरच्यांची संमती लागते, म्हणून हे पत्र आणि सोबत शाळेचा कागद.

आणखी एक. वहिनी गेल्यानंतरही धड्यांखाली कुणीतरी तिला प्रश्न विचारतंय, असं मुलांना दिसलं. शर्टाचं बटण कसं लावायचं, जाड पांघरुणं कुठल्या कपाटात आहेत. पांघरुणांवर वर्ग खूप हसला. तो तू आहेस हे मला तिथेच कळलं आणि मी फळ्याकडे वळले. एका मुलीने तर उत्तरही देऊन टाकलं, दोरा दुहेरी घ्या म्हणून. ते वाचून तुला क्षणभर काय वाटलं असेल, हे मनातून जात नाही. तिला रागवायला हवं होतं का? तुझे प्रश्न वगळू का?

लोभ आहेच, तो खोकल्यासारखा लपवू नकोस.
तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

खोकला आहे.

त्या मुलीला रागावू नकोस. उत्तर दिसलं तेव्हा क्षणभर तिचंच वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या वहिनीने आधी मला झापलं असतं, मग दोऱ्याचं सांगितलं असतं. बटण लावलंय. वाकडं आहे.

संमती आहे. प्रश्नही राहू देत.

जपलेली पानं फक्त वाचता येतील, खाली काही लिहिता येणार नाही, असं शाळेच्या कागदावर आहे. म्हणजे शेवटचं विचारायचं ते याच महिन्यात. काल बसलो होतो, जमलं नाही. मशीनवर तिने अर्धा शिवलेला माझा सदरा तसाच आहे. सुई अजून कापडातच आहे. दोरा न तोडता सदरा काढता येतो का? तुला शिवण येत नाही, ठाऊक आहे. त्या मुलीलाच विचार.

लोभ तुझ्यापाशीच ठेव, इथे हरवतो.
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

विचारलं. कुणाचा सदरा ते सांगितलं नाही. ती म्हणाली, दोरा तोडावाच लागतो. पण टोकं लांब सोडायची, म्हणजे नंतर गाठ मारता येते.

रविवारी येते. तोवर सुईला हात लावू नकोस.
धाकटी