घुंगरं पेटीत घातली

रविवार, संध्याकाळ

असला कसला दुसरा भाग काढला मेल्यांनी त्या नाचाच्या सिनेमाचा! पहिल्या भागात ती पोरगी घरच्यांशी भांडून नाचली व्हती. तवा माझ्या सीमाचे पाय खुर्चीखाली थांबत नव्हते, म्हणून तर तिला क्लास लावला.

आज सीमाच्या होणाऱ्या सासरच्यांसंगं आळेफाट्याला दुसरा भाग बघायला गेलो. आता त्या पोरीनं लग्न झाल्यावर घुंगरं पेटीत घातली. संपला सिनेमा!

विहीणबाई म्हणल्या, "बघा, शेवटी शहाणी झाली. आपली सीमाबी होईल." जावईबापू नुसते हसले.

मी सीमाचे पाय बघितले. हलत नव्हते. घरी येऊन जेवलीबी न्हाई.

मी तरी तिथं गप का बसले? सुपारी फुटली म्हणून?

उद्या फोन लावून विचारणार. जावईबापू, आमची सीमा लग्नानंतर नाचणार का न्हाई? तुमच्या तोंडून सांगा, आईच्या न्हाई. गुरुवारी लग्नाचा बस्ता हाय, त्याच्या आत.