जर्मन झग्याची पाठ

टूवूंबा, ऑस्ट्रेलिया, १४ जून

ती. रेखाआत्यास, कौमुदीचा साष्टांग नमस्कार. तुझ्या दोन्ही गुडघ्यांची वेगवेगळी चौकशी करते, कारण डावा जास्त रुसतो असं तुझा मिहिर फोनवर सांगत होता. इकडे आम्ही मजेत. थंडी आहे, श्रेयसच्या हॉस्पिटलच्या शिफ्ट आहेत, माझं युनिव्हर्सिटीत शिकवणं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर कितीही लिहिलं तरी तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून यावेळी कागद. आतोबा गेल्यापासून चार वर्षं मी तुला इकडे ये म्हणतेय आणि तू नाही म्हणतेयस. या पत्रात तो विषय नाही, तेव्हा निर्धास्त वाच.

झालं असं, की इथल्या जुन्या पोशाखांच्या मंडळात मी नाव घातलं. जुनं चित्र निवडायचं, त्यातला पोशाख हुबेहूब शिवायचा आणि सप्टेंबरच्या प्रदर्शनात तो घालून उभं राहायचं. बाकीच्यांनी शहाण्यासारख्या साध्या इंग्रज बाया निवडल्या. मी पाचशे वर्षांपूर्वीची जर्मन सरदारीण निवडली. लाल मखमल, चार बोटं रुंद सोनेरी पट्टे, बाह्यांना जागोजागी चिरा आणि त्यांतून डोकावणारं पांढरं कापड. (पट्टे बघून मला वाटलं, हे तर आपले काठच. इथेच मी फसले.) मखमलीची लव एका दिशेला ठेवायची हे तू शिवणवर्गात शंभरदा सांगितलं होतंस, तरी माझी एक बाही लाल दिसते आणि दुसरी जांभळट. बाह्यांच्या चिरा बांधायला श्रेयसला, तुझ्या जावयाला, बसवलं, शेवटी सर्जन आहे. त्याने अशा पक्क्या गाठी मारल्या की माझा हात कोपरापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. बाही कापून मला सोडवावं लागलं. तो म्हणाला, पेशंट सहसा तक्रार करत नाहीत.

हेही निभावलं असतं. पण चित्रातली ती बाई समोरून दिसते, आणि पाचशे वर्षांत एकदाही वळलेली नाही. मग पाठ कशी शिवायची? मी विचारच केला नाही. तू शिकवलेलं हातात बसलंय, ते हातांनी परस्पर करून टाकलं: खोल गळा, खाली हूक, वर नाडी आणि नाडीला लटकन. ट्रायलच्या दिवशी मंडळाच्या प्रमुख मार्गरेटबाईंनी समोरून खूप कौतुक केलं आणि मला वळायला सांगितलं. त्यांनी लटकन बोटाने हलवून पाहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, “याला सोर्स काय, डार्लिंग?”

मी म्हटलं, “माझी आत्या.”

त्यांनी ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं. पण समितीचं म्हणणं पडलं, की असा झगा पुढून नाडीने आवळायचा असतो, आणि पुराव्याशिवाय ही पाठ प्रदर्शनात येणार नाही. माघार मी घेणार नाही, तुझीच भाची आहे. तेव्हा एवढंच कर, वर्गाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून दे, की चाळीस वर्षांच्या अनुभवात इतका घट्ट पोशाख मागूनच उघडणारा पाहिला आहे. खाली सही आणि शिक्का.

तुझी,
कौमुदी

ता.क. लेटरहेड नको. समितीचंच बरोबर होतं. मी रविवारी अख्खी पाठ उसवून झगा पुढून उघडा केला. आता डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक मोठी चुणी पडते. फोटो जोडलाय. चष्मा लावून बघ.

ता.ता.क. फोटोखाली व्हिसाचा फॉर्म आहे, तुझं नाव-गाव भरून ठेवलंय. मला तू फार आठवतेस म्हणून बोलावलं तर तू येत नाहीस, म्हणून चुणी पाठवली. ती कशी काढायची हे मला येतं, तूच शिकवलंयस. पण तू येईपर्यंत मी तिला हात लावणार नाही, आणि प्रदर्शन वीस सप्टेंबरला आहे. तशीच घालून सगळ्या टूवूंबासमोर उभी राहीन, आणि कोणी विचारलं की शिवण कुणी शिकवली, तर तुझं नाव सांगेन.