टेपचे तीन थर

सोमवार, ३ मार्च

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, दोन्ही पिल्लांना पापे. इकडे सगळं ठीक. छताची गळती एकदाची बंद झाली, सरावाच्या मैदानावर नव्या जाळ्या लावल्या, आणि माझ्या शनिवारच्या गोल्फच्या वर्गात आता जागा शिल्लक नसते. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच ‘बरं बरं’ म्हणून मोकळा होतोस, आणि पलीकडच्या खोलीत बाबांचे कान टवकारलेले असतात.

त्यांच्याबद्दलच लिहायचंय. बाबांनी शिकवणं सोडायचं ठरवलंय. मी नाही हं, त्यांनीच ठरवलंय. गेले काही महिने त्यांचा चेंडू उजवीकडेच जातो. ज्या सात नंबरच्या स्टिकने ते गप्पा मारता मारता लांबच्या खांबावरची पाटी वाजवायचे, तिनेच मारलेला चेंडू आता कुंपणाकडे पळतो. तुला आठवत असेल, त्यांची सगळी करामत हातांत. पकड सैल, आणि चेंडूला स्टिक लागता लागता मनगटं आपसूक वळायची. ते वळणंच थांबलंय. मग ते आणखी घट्ट धरतात, दंड ताठरतात, आणि चेंडू आणखीच उजवीकडे. स्टिक जाड लागते, म्हणतात. वयामुळे बोटांचे सांधे सुजलेत, दुसरं काय! धरायला मऊ पडावी म्हणून मी मुठीवरच्या रबरी ग्रिपखाली थोडी टेप गुंडाळली होती. डॉक्टरांना दाखवायचं राहिलंय.

परवा वर्गातल्या एका बाईंना दाखवायला म्हणून त्यांनी चेंडू मारला, तो थेट बाहेर उभ्या असलेल्या गाडीवर. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाबांनी स्टिक पुसून पिशवीत घातली आणि संध्याकाळी मला म्हणाले, “दादाला विचार, त्याच्याकडची मागची खोली रिकामी आहे का.”

तू कधीपासून म्हणतोयस, त्यांना माझ्याकडे पाठव म्हणून. तर ये आणि घेऊन जा. रोज ते मैदान बघत खिडकीत बसणं त्यांना बरं नाही. मी एकटी सांभाळेन सगळं. माझी काळजी नको.

तुझी,
धाकटी


गुरुवार, १३ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही सगळे मजेत आहात हे वाचून बरं वाटलं. खोली रंगवून घेतलीस, खिडकीशी आरामखुर्ची ठेवलीस, वहिनीने पडदेसुद्धा शिवले. रविवारी बाबांना न्यायला येतोयस. आणि शेवटी लिहिलंयस, ‘बाबांना इतकं जपणारी शहाणी बहीण मला मिळाली, हे माझं भाग्य.’ ते वाचलं आणि समोरचा चहा तसाच गार झाला. तुझं पत्र मी स्वयंपाकाच्या ओट्यावर पालथं घालून ठेवलं होतं. येता-जाता तरी ते दिसायचंच.

बाबांची बोटं सुजलेली नाहीत.

थंडीत ती दुखायची, हे खरं. म्हणून मी त्यांच्या स्टिकांच्या ग्रिप काढल्या, दांड्यांवर टेपचा एक थर जादा चढवला आणि वर नव्या ग्रिप बसवल्या. जाड मूठ धरायला सोपी पडते. त्यांना सांगितलं नाही, कारण ‘मी काय म्हातारा झालो का?’ म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. इथवर माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

पण मूठ जाड झाली की हात वळायचे मंदावतात, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. बाबांचा चेंडू जरा उजवीकडे जायला लागला. ते बुचकळ्यात पडले आणि तो आठवडाभर माझ्या वर्गाकडे फिरकले नाहीत. दादा, तो आठवडा माझा फार सुखात गेला. तुला कल्पना नाही ते कसं असतं. मी एखाद्याला अर्धा तास घसा कोरडा करून समजवायचं, कॅमेऱ्यावर दाखवायचं, आणि बाबांनी मागून येऊन त्याची बोटं सोडवायची. “एवढी काय आवळतोस? पळून नाही जायची ती!” की लगेच चेंडू सरळ, तो माणूस खूश, आणि मी बाजूला बावळटासारखी उभी. वर्ग माझा, दारावरच्या फलकावर नाव माझं, आणि येणारा प्रत्येकजण विचारणार, “काका नाहीत का आज?”

मग मी दुसरा थर चढवला. थोड्या दिवसांनी तिसरा.

एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, “ही जाड झाली का गं?” मी साळसूदपणे त्यांचा पंजा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हटलं, “बाबा, स्टिक आहे तशीच आहे. तुमची बोटं सुजलीत.” त्यांनी मान डोलावली. डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने स्टिकचा नंबर सांगणारा माणूस, त्याने स्वतःच्या हातांवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर जेवताना, शर्टाची बटणं लावताना ते आपल्या बोटांकडे बघत राहायचे. संध्याकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसायचे. ते पाणी मीच तापवून द्यायची, दादा. आणि वर ‘फार कढत नाही ना?’ असं विचारायची.

पहिला थर त्यांच्यासाठी होता. उरलेले दोन माझ्यासाठी.

तुझं पत्र आलं नसतं तर मी गप्पच बसले असते, तेही सांगून टाकते. माझी लाज वाटते मला.

आज सकाळी मी त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेले, जिथे आम्ही स्टिका दुरुस्त करतो. सात नंबर बाकावर ठेवली, ब्लेडने ग्रिप चिरली आणि टेप सोलायला लागले. बोलायचं खूप ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, “बाबा, बोटं सुजलेली नव्हती.”

ते माझ्या हातांकडे बघत होते. तिसरा थर निघाल्यावर म्हणाले, “दुखण्यासाठी एक पुरला असता.”

मग मी सगळं सांगितलं. ‘काका नाहीत का’पासून गरम पाण्यापर्यंत. ते टेपचा चिकट गोळा बोटांत मळत ऐकत राहिले. मग त्यांनी स्वतः नवी ग्रिप बसवली, नेहमीच्या मापाची. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाले, “राहू दे.”

दुपारी ग्रिप पक्की बसल्यावर ते मैदानावर गेले. मी मागे उभी. पहिला चेंडू थोडा डावीकडे गेला, दुसरा पाटीच्या खालून. तिसऱ्याला पाटी वाजली. हात अगदी पूर्वीसारखे वळले, सहज, दार लोटावं तसे. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या आणि रडायलाही लागले. म्हटलं, “आता कुठे जायची गरज नाही. मी दादाला कळवते.”

“कळव,” ते म्हणाले. “रविवारी मी तयार असेन म्हणून.”

“पण हात तर चांगले आहेत तुमचे!”

“आहेत ना.” ते स्टिक पुसत होते. आवाजात राग असता तर मी पाय धरले असते, पण रागही नव्हता. “इथे राहिलो तर रोज सकाळी दांडा तपासावा लागेल, बाळा. ते मला जमायचं नाही.”

मैदान आता माझं आहे. मला हवं होतं तसंच.

रविवारी तू येशील तेव्हा त्यांच्या पिशवीत ती एकच स्टिक असेल. बाकीच्या इथेच ठेवून जातायत. तुझ्या घराजवळ मोकळी जागा शोध आणि त्यांना चेंडू मारू दे, पोरांना शिकवू दे. वहिनीला हे पत्र दाखवलंस तरी चालेल. आणि बाबा कधी आपल्या बोटांकडे बघत बसलेले दिसले, तर त्यांना सांग की ती चांगली आहेत. तू सांगितलंस तर त्यांना पटेल.

तुझी बहीण
(‘शहाणी’ तेवढं परत घे.)