रानजाईची पळवाट

पुणे, ३ फेब्रुवारी

ती. मोठेबाबांच्या चरणी समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

मोठीआईचा ठेचा पोचला. खोलीतल्या दोघींनी हट्टाने खाल्ला आणि आता डोळे पुसत बसल्या आहेत. मी बरी आहे. परीक्षेचा फॉर्म चौथ्यांदा भरला. बाबांनी माझा मोठा फोन स्वतःजवळ ठेवून घेतला, तेव्हापासून तुमचं पत्र आणि पत्रांतून चाललेला आपला फाशांचा खेळ एवढीच करमणूक.

तर खेळाचं. माझं पात्र, रानजाई, अजून भुयाराच्या कोपऱ्यातच आहे. समोर दोन दगडी द्वारपाल, तिचे चार श्वास उरलेले. लढली तर संपते. पाय काढला तर तुमच्या नियम सतराप्रमाणे दोघांनाही तिच्या पाठीत एकेक फुकट वार करायला मिळतो आणि एका वाराला तीन श्वास जातात, म्हणजे तशीही संपते. तीन पत्रं झाली, ती नुसती उभी आहे.

पण तुमची नियमांची वही परत वाचली. नियम सतरा म्हणतो, जो स्वतःच्या पायाने निघेल त्याच्यावर वार. आणि नियम बत्तीसमध्ये सोबत्याने सोबत्याला दोन घरं ढकलायची मुभा आहे. मग तुमच्या ढालकरी उकंडाने तिला मागे ढकललं तर? पाय तिचे नाहीत, म्हणून वारही नाही. जमतं का ते कळवा. जरा लवकर कळवा.

मोठीआईला नमस्कार. माझ्यावर रागावलात तरी पत्र थांबवू नका.

तुमची समीक्षा

—

डोणगाव, ९ फेब्रुवारी

चि. समीक्षास इंद्रभान मोठेबाबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र शुक्रवारी मिळालं. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, त्या वेगळ्या कागदावर दिल्या आहेत.

तुझी पळवाट मी नामंजूर करतो. दहावी नापास माणसाने रद्दीतलं या खेळाचं जाड इंग्रजी पुस्तक शब्दकोश हाताशी धरून दोन वर्षांत लावलं, चार वह्या नियम मराठीत उतरवले, वीस तोंडांचे दोन फासे, एक तुला एक मला, सागाच्या तुकड्यातून कानशीने घासून काढले, ते काय असल्या फटीतून कोणी निसटावं म्हणून? माझ्या दुकानात येणाऱ्या पंपाच्या मोटारीच्या वाइंडिंगमध्ये तारेचे चार वेढे कमी घातले तर मोटार चालते, पण जळते. शब्द नाही, नियमाचा हेतू पाहावा. रानजाईने उभं राहून लढावं. फासा वीस पडला तर द्वारपालही फुटतो.

बाकी क्षेम. दोन वर्षांपूर्वी तू पूर्व परीक्षा पास झालीस तेव्हा दुकानावर लावलेला तुझा फ्लेक्स उन्हाने पांढरा पडला होता. नवा करून घेतला. ‘भावी उपजिल्हाधिकारी’ मधली वेलांटी फ्लेक्सवाल्या पोट्ट्याने चुकवली होती, समोर बसून दुरुस्त करवली. तुझा बाप रोज संध्याकाळी येऊन त्याच्याखाली उभा राहतो. म्हणतो, दादा, या वेळेस पोरगी लाल दिव्याचीच गाडी घेऊन येते पाहा. लाल दिवे कधीचेच बंद झाले हे मी त्याला तीनदा सांगितलं. ऐकून नाही राह्यला.

जेवणाची आबाळ करू नको. आमची माया गृहीत धरावी.

इंद्रभान

—

पुणे, १५ फेब्रुवारी

ती. मोठेबाबांस सा. न.

रानजाईचा फासा टाकलेला नाही. ती होती तिथेच आहे.

खरं लिहिते. अभ्यासिकेत गेले नाही त्याला आज एकोणीस दिवस झाले. पुस्तक उघडलं की तीच ओळ परत परत वाचते आणि दुपार होते. मागच्या दोन्ही परीक्षांत पहिल्या तासानंतर मी काहीच लिहिलं नव्हतं. थोडक्यात गेलं असं बाबांना सांगितलं, ते खोटं होतं.

परत यावं असं रोज वाटतं. पण पूर्व परीक्षेनंतरच्या सत्काराच्या दिवशी चौकात शाल अंगावर असताना बाबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, पोरगी मागे फिरली तर मी या चौकात तोंड दाखवणार नाही. आणि गावात एसटीतून उतरल्यावर पहिला तुमचाच फ्लेक्स दिसतो, मोठेबाबा. स्वतःच्या पायाने मला निघताच येत नाही. म्हणून ढकलण्याचं विचारलं होतं.

शुद्धलेखन तपासलेलं नाही.

समीक्षा

—

डोणगाव, २१ फेब्रुवारी

चि. समीक्षास आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. नंतर मूळ इंग्रजी पुस्तक काढून नियम सतरा ताडून पाहिला. तुझा अर्थ बरोबर आहे. वहीतले शब्द माझ्याच हातचे, मला ते पाळावे लागतील. नामंजुरी मागे घेतो. फक्त एक ओळ वाढवली आहे: जो ढकलेल तो त्या घरात उभा राहील आणि वार त्याने घ्यायचे.

काल बाजाराचा दिवस होता. भर दुपारी शिडी लावून फ्लेक्स उतरवला. चौक जमला. मोतीराम चहावाल्याने खालून विचारलं, काऊन हो, निकाल लागला काय? मी सांगितलं, निकाल नाही, मीच पोरीला घरी आणून राह्यलो, तिची मर्जी विचारलेली नाही. हेच तुझ्या बापालाही सांगितलं. तो म्हणाला, पुण्याला पाठव म्हणणारा तूच, फ्लेक्स लावणारा तूच, आता माझ्या पोरीचं वाटोळं करणाराही तूच. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. संध्याकाळी तो दुकानाकडे फिरकला नाही. आजही नाही. पंचेचाळीस वर्षांत असं झालेलं नव्हतं.

रविवारी, २ मार्चला मी पुण्यात पोचतो. सामान बांधून ठेव. कोणी विचारलं तर मोठेबाबांनी ओढत आणलं एवढंच सांगायचं. उरलेलं खरं बापाला कधी सांगायचं ते तू ठरव. मी घाई करणार नाही.

द्वारपालांचे फासे इथे पाटावर टाकले, तुझी मोठीआई रुक्मिणी साक्षीला होती. अकरा आणि एकोणीस. दोन्ही वार लागले. उकंडाचे नऊपैकी सहा श्वास गेले, तीन उरले. उभा आहे. रानजाई दोन घरं मागे, भुयाराच्या तोंडाशी. तिला खरचटलंही नाही.

आता पाळी तुझी. तुझ्याजवळचा फासा सोबत घे, गाडीत टाकू.

तुझा मोठेबाबा
इंद्रभान