माझ्या जिभेची शक्ती

३ फेब्रुवारी
वाडीच्या सत्यनारायणाला सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं यंदा परशुराम घालणार! अकरा वर्षं मी घालतोय. कारण काय, तर माझं लांबतं आणि प्रसादाचा शिरा थंड होतो. मीटिंगमध्ये हे परशुरामच बोलला. शेजारी कसला, सात जन्मांचा वैरी. सूड घेणार.

५ फेब्रुवारी
लेकीबरोबर, रियाबरोबर, तिची अ‍ॅनिमे सिरीज पाहिली. कार्टून म्हटलं की मुलगी चिडते. हिरो साधा पोस्टमन. रागाने बोलेल ते खरं होतं, म्हणून बिचारा बोलणंच टाळतो. हिरो व्हायचंच नाही त्याला. हुबेहूब मी. मागे परशुरामाला म्हणालो होतो, "तुझो पंप जळांदे." जळला! तेव्हा लक्षातच आलं नाही.

६ फेब्रुवारी
मौन सुरू. अशी शक्ती मिरवायची नसते. बायकोला, नम्रताला, चार तास पत्ताच नाही. कळल्यावर म्हणाली, "बरां झालां. असोच रव."

८ फेब्रुवारी, सकाळी ७
मौन सोडलं. नाइलाज. परशुरामाच्या माडाला दरडावलं, "पाड!" नारळ पडला. माझ्या स्कूटरवर. शक्ती आहे, नेम नाही.

१० फेब्रुवारी
नेमासाठी सराव. बाथरूममध्ये, गाऱ्हाण्याच्याच चालीत. "बा देवा म्हाराजा, ह्या परशुरामाचो घसो बसांदे, ह्येची जीभ टाळ्याक चिकटांदे..." रोज पन्नास वेळा. रिया म्हणते, पुढचे भाग बघा, हिरो बदलतो. वेळ नाही.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
परशुरामाचा घसा बसला!! स्वतःचीच थोडी भीती वाटली. तो घरी आला. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सुदेशा, उद्या तूच घाल. तुझ्यासारखां गाऱ्हाणां कोणाक येणा नाय. शिरो थंड झालो तरी चलात." शरण आला. यापुढे शक्ती फक्त लोककल्याणासाठी.

१५ फेब्रुवारी
माईक हातात. अख्खी वाडी समोर. "बा देवा म्हाराजा" म्हणालो आणि तोंडाने सरावातलंच पुढे सुरू केलं. परशुरामाचो घसो बसांदे. सवयीने सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" जीभ टाळ्याक चिकटांदे. या वेळी मागून एकटाच घोगरा आवाज आला, "व्हय म्हाराजा." परशुरामाचा. पुढे मला शब्द सुचला नाही.

गाऱ्हाणं दीड मिनिटात आटोपलं. शिरा गरमागरम होता. परशुरामानेच आणून दिला. घशाखाली उतरला नाही.