सोळा ऑक्टोबरची मूळ फाईल

ऊर्जानगर, चंद्रपूर
१२ जानेवारी २०२४

चि. हर्षा हिले मामाचे अ. आ.

कॅमेरा पोहोचल्याचं इसरूभाऊ कंडक्टरकडून समजलं, तुझ्याकडून नाई. नर्सबाई झाली म्हणून मामाले विसरली काय? तुमच्या उपकेंद्राच्या गावात रेंज नाई हे कबूल, पण एटापल्लीची एसटी तर रोज येते ना! त्याच्याजवळ चिठ्ठी देत जा.

आता ऐक. कॅमेरा जुना आहे, पण माझ्या हाताखालून गेलेला आहे. पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात ठेवू नको. लोक कायबी सांगतात, तांदळाची भुकटी भिंगात जाते. ओल ओढणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पाठवल्या, त्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. फोटो काढून झाले की कार्ड काढून त्याच डब्यात टाकायचं. कॅमेरा गेला तर गेला, फोटो राह्यला पाह्यजे. एका पायाची काठी, म्हणजे मोनोपॉड, लोखंडी आहे, जड आहे, पण हात हलत नाई. आन् रॉ फाईल चालूच ठेव. रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं जे पाह्यलं ते, कच्चं. शिजवायचं काम मागून कॉम्प्युटरवर. मी एकही रॉ आजपर्यंत उडवली नाई. तुझी मामी म्हणते, या घरात माणसं कमी आन् हार्डडिस्का जास्त.

सोबत सोळा ऑक्टोबरच्या फोटोची प्रत पाठवतो. दीक्षाभूमीवरून आल्यावर क्वार्टरच्या अंगणात काढला होता तो. सगळे पांढऱ्या कपड्यात, काय उजेड होता त्या दिवशी! एक गंमत सांगतो. दिव्यानी सूनबाईच्या गळ्यावर निळसर डाग आले होते, डावीकडे तीन-चार आन् उजवीकडे एक. सॉफ्टवेअरमध्ये हिलिंगचा ब्रश असते. डागापेक्षा थोडासाच मोठा घ्यायचा, कडा मऊ ठेवायच्या, बाजूची चांगली कातडी उचलून डागावर बसवायची. कुठी होते ते आता मलेबी सापडत नाई. शिक पोरी, शिक!

आमचा पियुष रस्त्याच्या कामावर सुपरवायझर म्हणून तुमच्याच गावात आला, उपकेंद्राच्या मागं खोल्या घेतल्या, हे लई बरं झालं. त्याच्यावर आन् दिव्यानीवर लक्ष ठेव.

मामावरची माया अशीच राहू दे, आन् चिठ्ठी लिही.
तुझा,
गुणवंतमामा


उपकेंद्र, ता. एटापल्ली
२५ फेब्रुवारी २०२४

ती. मामाले हर्षाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमचा कॅमेरा तुमच्यासारखाच हट्टी आहे. हळद्या पक्षी समोरच्या फांदीवर बसला तर हा मागच्या पानावर फोकस करते. चाळीस फोटो काढले, एकात पक्षी आहे, तोबी अर्धा. हसा मनसोक्त.

मामा, आता पुढचं बसून वाचा. मामी ऐकते म्हणून हे फोनवर बोलली नाई.

मागच्या रविवारी दुपारी भिंतीपलीकडून धपधप आवाज आला. मले वाटलं कोणी लाकूड फोडून राह्यलं. मग वहिनी ओरडली. मी धावत गेली तर पियुषदादानं तिचे केस मुठीत धरून डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, माझ्या डोळ्यांदेखत, दोनदा. खाली पडली तर बरगडीत लाथा घातल्या, कामावरच्या बुटासकट. कारण काय, तर हातपंपावर ती ट्रॅक्टरवाल्याशी बोलली. त्यानं टँकर कधी येते ते विचारलं, तिनं सांगितलं, एवढंच. मी मधात पडली तर मलेबी ढकललं आन् गाडी काढून साइटवर गेला, काही झालंच नाई असा.

भुवईवर मी पाच टाके घातले. लग्नाले दोन वर्षं झाली, ही सातवी वेळ आहे म्हणते. ते इथी आल्यावरही मले भिंतीपलीकडे आधी कधी समजलं नाई, याची मले लाज वाटते.

तीन फोटो काढले, कार्ड पाठवत आहे. मी म्हटलं ठाण्यात चल, तर नाई म्हणते. माहेरी जिवतीले एकटी आई. तिचं म्हणणं एकच आहे, बाबा खरं मानतील तर मी निघते, त्यांनीच खोटं पाडलं तर माझं कोण ऐकते? बाबा म्हणजे तुम्ही. अशीच इथी राह्यली तर एक दिवस हा तिले मारून टाकीन, हे मी नर्स म्हणून लिहून राह्यली.

लवकर लिहा. माझ्यावर आहे तेवढाच जीव तिच्यावरही राहू द्या.
तुमची,
हर्षा


ऊर्जानगर
३ मार्च २०२४

चि. हर्षा हिले अ. आ.

कार्ड पाह्यलं, सोबत परत पाठवतो. फोटो चुकलेले आहेत.

ट्यूबलाइटखाली काढले, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याचं माप, ऑटोवर. तुझी पांढरी भिंत पाह्य, हिरवी आली आहे. भिंत हिरवी तर कातडी निळी दिसणारच! डोळ्याखाली काळं दिसते ती फ्लॅशची सावली आहे. केवढी जखम आहे ते समजायले बाजूले काहीच नाई. भुवई फुटली ते दिसते, पण भुवई पडूनबी फुटते. अशा फोटोवर मी पोटच्या पोराले गुन्हेगार ठरवू काय?

पियुषले मी ओळखतो. लहानपणी घरात कोंबडी कापली तर हा डोळे मिटून गच्चीवर पळे. आवाज मोठा आहे त्याचा, बापावर गेला. नवरा-बायकोत बोलाचाली कोणाच्या घरात होत नाई? तू एक बाजू ऐकली.

आन् फोटो काढायचाच तर रीतसर काढ. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीजवळ उभं करायचं, फ्लॅश बंद, ट्यूबलाइट बंद. पहिल्या फोटोत कोरा पांढरा कागद धरायचा, म्हणजे रंग खरा की खोटा ते मले कॉम्प्युटरवर समजते. मग एक फोटो लांबून, चेहरा आन् जागा दोन्ही दिसतील असा. मग जवळून, जखमेच्या बाजूले शाळेची पट्टी ठेवून. काटछाट करायची नाई. नाईतर कोणाच्या पोरावर चिखल उडवू नको.

रागावलो आहे, तरी माया कमी नाई.
गुणवंतमामा


उपकेंद्र, ता. एटापल्ली
२१ मार्च २०२४

ती. मामाले सप्रेम जयभीम, वि. वि.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. खिडकी, सकाळचे दहा, फ्लॅश बंद, पांढरा कागद, पट्टी. कार्ड सोबत आहे.

या खेपेले पट्टा होता. बकलाची बाजू बाहेर ठेवून मारलं. पाठीवर अकरा वळ आहेत, मी मोजले. खांद्याखाली कातडी फाटून मांस दिसते, तिथी पट्टी लावून पाह्यली, साडेसहा सेंटिमीटर. दोन ठिकाणी बकलाचा चौकोन आन् मधली सळई जशीच्या तशी उमटली आहे. पडून असा चौकोन कुठी उमटते, ते तुम्हीच सांगा.

वहिनी खिडकीत उभी होती, ब्लाऊज उतरवून, पांढरा कागद स्वतःच्या हातानं धरून. उजेड बरोबर येईपर्यंत मी चार वेळा काढला. ती रडली नाई. उलट मलेच म्हणाली, ताई, नीट काढा, बाबांले चूक काढायले जागा नको. मामा, हे ऐकून मी कॅमेरा खाली ठेवला आन् मी रडली.

आता काय चुकलं ते सांगा. रंग चुकला, उजेड चुकला, पट्टी वाकडी धरली? काहीच चुकलं नसंल तर एक ओळ लिहून पाठवा, की सूनबाई, निघ. ती पिशवी भरून बसली आहे. तुमची ओळ आली की दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघते.

तुमच्यावरचा माझा विश्वास मोडू नका.
हर्षा


ऊर्जानगर
२८ मार्च २०२४

चि. हर्षा हिले अ. आ.

फोटो पाह्यले. रंग बरोबर आहे. पट्टी बरोबर आहे. रात्री जेवण गेलं नाई.

मी पियुषले फोन लावला, तो एटापल्लीले आला होता म्हणून लागला. चांगला दटावला. हर्षाजवळ सगळे फोटो आहेत, तारखेसकट, आता तुझं खोटं चालणार नाई, असं साफ सांगितलं. पोरगा फोनवर ढसढसा रडला. आईची शपथ घेतली, पुन्हा हात उचलणार नाई म्हणाला. तुझी मामी बाजूले होती, तिचंही म्हणणं पडलं, घरातली गोष्ट घरात मिटली तर बरं.

म्हणजे झालं. दिव्यानीले सांग, पिशवी रिकामी कर. कार्ड सोबत परत पाठवलं, ते फॉरमॅट करून टाक आन् पुन्हा पक्ष्यांचे फोटो काढ.

रागावू नको, बापाचं मन समजून घे.
गुणवंतमामा


सरकारी दवाखाना, गडचिरोली
६ एप्रिल २०२४

मामा, जयभीम.

अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हातानं लिहून राह्यली. उजवं मनगट मोडलं आहे.

तुमची चिठ्ठी आली त्याच सकाळी तो आला. उपकेंद्रात बाया लसीले बसल्या होत्या, वहिनी मले मदत करत होती. येताच त्यानं विचारलं, फोटो कुठी आहेत. कोपऱ्यात तुमची मोनोपॉडची काठी होती. ती उचलून पहिला फटका वहिनीच्या तोंडावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मी दवाखान्यात ऐकला आहे, माणूस उभा असताना कधी ऐकला नव्हता. ती बसली तर गुडघ्यावर मारली, मग पाठीवर, त्याच वळांवर. बाया लेकरं उचलून किंचाळत पळाल्या. मी काठी धरली तर त्यानं कॅमेरा पट्ट्याले धरून गरगर फिरवला आन् माझ्या हातावर मारला. एकदा, दोनदा, भिंग फुटेपर्यंत. मग तो फुटका कॅमेरा वहिनीच्या डोक्यात घातला. पांढऱ्या फरशीवर तिचे दात आन् काचा एकत्र पडल्या होत्या. आमचे शिपाई लटारूभाऊ आन् दोन बायांनी त्याले खाली पाडून त्याच्याच पट्ट्यानं बांधलं. पोलिसांनी नेला.

फोन तुम्ही केला. फोटो माझ्याजवळ आहेत हे तुम्ही सांगितलं. मामा, हे मी लिहितेच, राग आला तर येऊ द्या.

कार्ड वाचलं. तुम्ही सांगितलेल्या सिलिका जेलच्या डब्यात होतं, मी फॉरमॅट केलं नव्हतं. पण त्याचा वकील आताच म्हणून राह्यला, की आधीचे वळ या नर्सनंच कॉम्प्युटरवर बनवले, तिचा मामेभावाशी वाद आहे, उपकेंद्रातली मारामारी त्या एका दिवसाच्या रागात झाली. जामीन मागून राह्यले. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी काढलेला जुना फोटो असता तर, असं पोलिसताई म्हणाल्या.

वहिनीचा जबडा दोन ठिकाणी मोडला, तारेनं बांधला आहे. बोलता येत नाई, पाटीवर लिहिते. तो सुटला तर काय होईल, हेच लिहिते दिवसभर. काल तिनं लिहिलं, की पहिल्या वेळी त्यानं गळा दाबला होता, चौदा ऑक्टोबरले. दोन दिवसांनी ती तुमच्या अंगणात उभी होती. पदर सरकला होता. सगळ्यांनी पाह्यलं, कोणी विचारलं नाई. मग पाटी पुसून तिनं पुन्हा लिहिलं, बाबांनी पाह्यलं होतं काय?

याचं उत्तर तुम्हीच लिहून पाठवा.
हर्षा


ऊर्जानगर
१३ एप्रिल २०२४

चि. हर्षा हिले, आन् सौ. नाई, नुसतं दिव्यानी हिले, अ. आ.

तुझी चिठ्ठी वाचली आन् हार्डडिस्क काढली. सोळा ऑक्टोबरची रॉ उघडली. तुमच्याकडे आहे तो शिजवलेला फोटो, ही कच्ची फाईल.

मोठं करून पाह्यलं. डावीकडे चार बोटं, उजवीकडे अंगठा. डाग नव्हते ते, हाताचा ठसा होता. मी म्हणलो होतो ना, रंग खोटा आहे? दिव्यानीचं पांढरं पातळ पांढरंच आहे. पियुषचा सदरा पांढरा आहे. क्वार्टरची भिंत पांढरी आहे. ट्यूबलाइट नाई, फ्लॅश नाई, सकाळच्या उन्हाचा उजेड. दोष काढायले एक जागा राह्यली नाई. त्या ठशाच्या बाजूले पियुष उभा आहे, हसत, तिच्या खांद्यावर तोच हात ठेवून. आन् मी त्या पाच बोटांवर पाऊण तास बसून एकेक बोट पुसलं होतं. कडा मऊ ठेवून! वरून तुले शिकवलं.

तो फोन मीच केला. तिचा जबडा माझ्या जिभेनं मोडला, नुसता पियुषच्या काठीनं नाई. काठीबी माझीच.

उद्या चौदा एप्रिल. चौतीस वर्षं मिरवणुकीचे फोटो मी काढतो, उद्या जाणार नाई. पहाटेच्या गाडीनं गडचिरोलीले येऊन राह्यलो. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ रॉ, माझा पुसलेला फोटो, दोन्ही घेऊन. ही चिठ्ठीबी मीच तुझ्या हाती देईन, तोंडानं बोलणं होणार नाई. जबाब लिहून ठेवला आहे. मी गुणवंतराव, आरोपीचा बाप, हा फोटो मी काढला, या खुणा खऱ्या आहेत, त्या मी माझ्या हातानं मिटवल्या. जामिनाले माझी हरकत आहे, हेही लिहिलं. मामी दोन दिवस जेवली नाई. मी तिले काही म्हणत नाई. तिचा पोरगा आहे. माझाबी आहे.

बैठकीत त्याच पुसलेल्या फोटोची फ्रेम होती, ती उतरवली. तिच्यात मूळ फाईलची प्रत लावली, ठशासकट. येणारा-जाणारा विचारीन, मी सांगीन. दिव्यानीची खोली झाडून ठेवली आहे, तिच्या आईलेही जिवतीहून आणतो. यायचं की नाई ते तिनं पाटीवर लिहावं. नाई लिहिलं तरी मले मान्य आहे.

माया मागायचं तोंड मले राह्यलं नाई. तिनं जे विचारलं त्याचं उत्तर एवढंच सांग. बाबानं पाह्यलं होतं. पुसता येईल इतकं नीट पाह्यलं होतं.

गुणवंतराव