पाटा आधी, मी नंतर

मी, म्युरिएल डिक्सन, वय सत्तरीच्या पुढे (जन्मतारीख मिशनवाल्यांनी अंदाजाने लिहिली), राहणार अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, मध्य ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय करत आहे. दिवसाआड यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यावं लागतं, त्यामुळे जीव थकला आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे. हा कागद वाचून दाखवताना माझं नाव गाळावं. गेलेल्या माणसाचं नाव आम्हा इथल्या मूळ लोकांत घेत नाहीत.

१. घर सरकारचं आहे, ते मला कोणाला देता येत नाही. मी गेल्यावर सगळ्यांनी तिथून निघावं आणि खोल्यांना धुरी द्यावी.

२. खणायची पहार आणि लाकडी काथवट नात शेरिका हिला. रानरताळी काढताना वेल उपटू नये, खड्डा बुजवावा. जमिनीखालच्या, पोटात मध साठवणाऱ्या मुंग्या शोधताना फोन खिशात ठेवावा.

३. नणंद डलसी हिला माझा मैद्याचा डबा. लग्न होऊन आले तेव्हापासून ती चारचौघांत म्हणते, "वहिनी, तुझी भाकर खायची म्हणजे आधी दात मोजून ठेवायचे." गवताचं बी दगडावर दळलं की थोडी वाळू येणारच. मैद्यात ती नाही. सुखाने खावा.

४. आता पाटा. हा माझा नाही, म्हणून देऊन टाकता येत नाही. आजीने आणि तिच्या आजीने तो लाल खडकाजवळच्या पाणवठ्यावर वापरला. दळण झालं की बायका पाटा तिथेच उपडा घालून पुढे जात. उपडा पाटा म्हणजे बाई परत येणार. त्याला कोणी हात लावत नाही.

बहिणीचा मुलगा एल्टन मला आईच म्हणतो. गेल्या हिवाळ्यात त्याने पाटा गाडीत घालून माझ्या दारात आणला.

"आई, तुला तिकडे जाता येत नाही ना, म्हणून तोच आणला."

"अरे, पाटा कोणी उचलतं का? तो वाट बघत होता तिथे."

"कोणाची? तू तर इथे आहेस."

पोराने प्रेमानेच आणला. तेव्हापासून तो अंगणात नळाजवळ उताणा पडला आहे आणि मी खिडकीतून त्याच्याकडे बघते. आम्हा दोघांनाही इथे करमत नाही.

एल्टनने तो परत न्यावा. शेरिकाने सोबत जावं आणि उपडा घालण्याआधी त्यावर मूठभर बी दळावं. तिला दळता येत नाही. शिकवणारं आता एकच माणूस उरलं आहे, डलसी. हे लिहवून घेताना मला फार जड जातं आहे. डलसीने जावं, पोरीचा हात धरून शिकवावं, आणि भाकरीत वाळू आली तर मुकाट खावी.

५. पाटा पोचून उपडा पडेपर्यंत मला पुरू नये. शवागारात थांबेन. थांबायची मला सवय आहे.

साक्षीदार: बर्निस होल्ट, यंत्रावरची नर्स, क्लेम वॉकर, आजाऱ्यांच्या गाडीचा चालक. दोघांना यातलं काही मिळणार नाही. दोघांसमोर मी सही केली.

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, ९ ऑगस्ट २०१६
(सही) म्युरिएल डिक्सन

सहीखाली, दोन दिवसांनी तिच्या सांगण्यावरून: डलसी काल येऊन गेली. मैद्याचा डबा नको म्हणाली. पाटा न्यायच्या गाडीत पुढची जागा हवी म्हणाली. द्यावी.